कापडावरचं घर

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी सांगायला नको. पाल, डॉक्टर, विजेचं ओलं बटण, दारावर अवेळी पडलेली थाप, सगळ्याची मला भीती वाटते. सासूबाई तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मला “भित्री भागूबाई” म्हणतात. फक्त तोंडाने मी कुणाच्या बापाला भीत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, काय खमकी बाई आहे! आत काय चाललेलं असतं ते माझं मला माहीत.

तर आमची इमारत पाडायची ठरली. जिने खचलेत, खांबातलं लोखंड गंजलंय, जागा सोडा, असं मालकाने सांगितलं. आमचे हे बस चालवतात. सुटीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन घरं बघून यायचे आणि चहा पिता पिता मला वर्णन करून सांगायचे. हवा मोकळी आहे, दुकानं जवळ आहेत, बसचा डेपो तर चालत जाण्यासारखा. मी सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, “आणि आई?” की झालं, हे कपात बघत बसायचे.

सासूबाईंना दिसत नाही. नजर हळूहळू गेली. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचं, आणि शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. पण त्या वेळात त्यांनी हे घर असं काही पाठ करून घेतलं की नवीन माणसाला सांगून पटणार नाही. सकाळी उठतात, तोंड धुतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. वर मला हाक मारून सांगतात, “तुझ्या मशीनखाली दोऱ्याची फिरकी पडलीय बघ, पायाला लागली.” घरात त्या काठी वापरत नाहीत. काठी रस्त्यावर. घरात काठी घेऊन फिरायला मी काय पाहुणी आहे का, म्हणतात.

म्हणून आमच्या घरात दोन कायदे आहेत. एक, कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. स्टूल वीतभर सरकलं तरी गुन्हा. दुसरा, सासूबाई चालायला लागल्या की सगळ्यांनी गप्प बसायचं. त्यांना भिंती ऐकू येतात. आपल्याला खोटं वाटेल, पण भिंत जवळ आली की पावलाचा आवाज बदलतो आणि त्यांना तो कळतो. माझ्यासारख्या बडबडीला हा दुसरा कायदा म्हणजे शिक्षाच. पण मी पाळला. त्या चालत असताना मी मशीनसुद्धा थांबवते. मी कपडे शिवते, हे सांगायचं राहिलंच.

घर बदलायचं म्हटल्यावर नणंदेचा लगेच फोन आला. आईला माझ्याकडे पाठव. नणंद वाईट नाही, उलट फार मायाळू. तोच तर त्रास आहे. मागे एकदा सासूबाई तिच्याकडे राहायला गेल्या, तर तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं हातात आणून दिलं. पाणी हातात, ताट हातात, टॉवेल हातात. बाथरूमपर्यंतसुद्धा धरून नेलं. परत आल्या तेव्हा गुडघे आखडलेले आणि स्वतःच्या घरात नळ सापडेना. भिंतीवर हात फिरवत उभ्या राहिल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मी तो चेहरा विसरले नाही. आता पुन्हा खुर्चीत बसल्या तर उठणार नाहीत, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. रोज भांडायला का होईना, पण हव्या होत्या.

शेवटी ह्यांनी एक घर नक्की केलं. नवीन इमारत, चौथा मजला, काम थोडं बाकी. मी बघायला गेले तेव्हा माझं धाबंच दणाणलं. अर्धा रस्ता खणलेला, खड्ड्यावर फळी टाकलेली, अनोळखी चेहरे, अनोळखी कुत्री. कुणाच्या दारावर अजून पाटी नाही, कुणाच्या खिडकीत दोरीवर कपडे नाहीत. इथे माणूस पडला तर उचलायला कोण येईल, हा पहिला विचार माझ्या मनात आला. घर मात्र सरळ होतं. दार उघडलं की बसायची खोली, तिच्यातून समोर बोळ, बोळाला दोन्ही बाजूंना एकेक खोली. बोळ संपला की एका हाताला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या हाताला गॅलरी. कुठे पायरी नाही, कुठे उंबरा नाही. गॅलरीचा कठडा तेवढा बसायचा होता. लोखंडी जाळी तिथेच भिंतीला टेकवून ठेवली होती, फरशीवर बांधकामाची वाळू पसरलेली. “आठवड्यात बसवतो, वहिनी,” ठेकेदार म्हणाला. असे आठवडे किती लांबतात ते मला ठाऊक आहे. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. “मला एकदा तिथे न्या. मी एकटी चालून बघते. दारापासून ओट्यापर्यंत जाऊन परत आले, तर तुमच्याबरोबर येईन. नाही जमलं तर लेकीकडे जाईन, मग रडारड नको. आणि त्या दिवशी कुणी माझा हात धरायचा नाही.”

“अहो आई, पण अनोळखी घरात...”

“भित्री भागूबाई, तू नुसती बघत उभी राहा.”

ठेकेदाराला दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्याला पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. माझा जीव टांगणीला. रात्री डोळा लागेना. त्यातच एका दुपारी ठेकेदाराने दिलेला घराचा नकाशा मशीनवर पडलेला दिसला आणि माझ्या डोक्यात आलं, अरे, हे तर माझं कामच आहे! कागदावरचं कापडावर घ्यायचं, दुसरं मी जन्मभर काय केलं?

जाड सुती कापड घेतलं. नेहमीसारखं उलट बाजूने पसरलं, नकाशा बघून खडूने भिंती आखल्या, खडूच्या रेघांवरून कच्चा टाका घातला. मग कापड सुलट केलं आणि टाक्यांच्या खुणेवर जाड दोरी शिवत गेले. दोरी म्हणजे भिंत. दोरी तुटली की दार. ओट्याच्या जागी मोठं कोटाचं बटण, नळाच्या जागी बारीक बटण, गॅलरीला मखमलीचा तुकडा, म्हणजे तिथे बोट गेलं की कळावं. सासूबाईंच्या मांडीवर ते कापड ठेवलं आणि त्यांचं बोट धरून दारात नेऊन ठेवलं.

त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि हसल्या. “अगं, हे तर घर आहे!”

मग काय, दिवसभर तोच उद्योग. मी मशीनवर, त्या पलंगावर, मांडीवर घर. “दारातून आले. बोळ. सरळ. बोळ संपला, उजवीकडे वळले, हा ओटा. डावीकडे मखमल, तिकडे नाही जायचं.” म्हणत राहायच्या, लहान मुलीने पाढे म्हणावेत तशा. ह्यांनीही कापड बघितलं. “वा, भारीच,” म्हणाले आणि कामावर गेले. पहिल्यांदाच मला जरा शांत झोप लागली. जगातल्या हजार गोष्टींची मला भीती वाटली होती, त्या कापडाची तेवढी वाटली नाही.

रविवारी आम्ही गेलो. खड्ड्यावरच्या फळीवरून सासूबाई ह्यांच्या दंडाला धरून आल्या, लिफ्टने वर आल्या. दारात मात्र त्यांनी काठी ह्यांच्या हातात दिली, चपला काढल्या आणि पदर सावरावा तसं अंगावरचं स्वेटर खाली ओढलं. कठडा अर्थातच बसलेला नव्हता. “उद्या नक्की,” ठेकेदार म्हणाला. मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण सासूबाईंनी बोट वर केलं. म्हणजे आता गप्प. ह्यांनी ठेकेदारालाही खूण केली. त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

आम्ही तिघं बसायच्या खोलीत भिंतीला चिकटून उभे. सासूबाई चालू लागल्या.

काय चालल्या हो! बोटांची टोकं हवेत जराशी पुढे, मान किंचित तिरकी, पाऊल न ओढता. खोली ओलांडली. बोळाचं तोंड बरोबर सापडलं, तेव्हा ह्यांनी माझा हात दाबला. ह्यांचे डोळे भरले होते. मीही मनात म्हणत होते, जमलं, बाई, जमलं. बोळात त्यांची पाठ लहान लहान होत गेली. टोकाला पोचल्या. थांबल्या. उजवीकडे वळल्या.

आणि त्यांच्या केसांवर ऊन पडलं.

स्वयंपाकघरात ऊन नव्हतं. आल्या आल्या मी डोकावले होते. तिथल्या खिडकीच्या काचेवर अजून कागद चिकटलेले होते, आत अंधार होता. मग हे ऊन कुठलं? मला ते कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी जगणार नाही. ओट्याच्या बाजूला त्या वळल्याच नव्हत्या. त्या गॅलरीत चालल्या होत्या.

हाक मारायला गेले तर आवाज नाही. सगळं घर जिच्या आवाजाने वैतागतं त्या माझ्या घशातून हूं का चूं नाही. त्या चालत असताना गप्प बसायची इतकी सवय लागली होती की जीभच हलेना. हे अजून हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. ह्यांना काही कळलंच नव्हतं. मी पळाले. बोळात कडेच्या कुठल्यातरी पोत्याला पाय अडकला, खांदा चौकटीवर आपटला. समोर सासूबाई गॅलरीत पोचल्या होत्या. हात पुढे करून ओटा शोधत होत्या, आणि हातांच्या पुढे नुसतं आभाळ होतं. एक पाऊल उचललेलं होतं.

मी त्यांच्या पाठीचं स्वेटर दोन्ही मुठींत धरलं आणि मागे ओढलं. दोघी वाळूत बसकन आपटलो. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला, आणि तो असा फुटला की खालच्या मजल्यावरचे गवंडी धावत वर आले. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. ठेकेदार म्हणतो, मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बरं झालं.

वाळूत बसल्या बसल्या सासूबाईंनी हाताने पुढची फरशी चाचपली. चाचपत गेल्या आणि कडेपाशी हात थांबला. तो हात त्यांनी परत मांडीवर घेतला. मग ह्यांच्या दिशेने तोंड करून हळूच म्हणाल्या, “हात दे रे.”

इतक्या वर्षांत घराच्या चार भिंतींत त्यांनी कधी हात मागितला नव्हता.

घरी आल्यावर मी कापड काढलं आणि बघत बसले. दोरीवर बोट फिरवलं. दार, बोळ, उजवीकडे बटण. ठेकेदाराच्या कागदावर ओटा डावीकडे. कापड उलटं केलं तर खडूच्या रेघा जिथल्या तिथे, ओटा डावीकडे, सगळं बरोबर. आम्ही शिवणारी माणसं खडू नेहमी उलट बाजूने मारतो, सुलट बाजूवर डाग पडू नये म्हणून. कपड्यात त्याने काही बिघडत नाही. दोन बाह्या, पुढचे दोन भाग, सगळं जोडीनेच कापायचं असतं, डाव्याला उजवा असतोच. घराला जोडी नसते. हाताला वळण होतं तसं मी आखलं, टाके घातले, उलटवलं, आणि डाव्याचं उजवं करून त्या म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. माझ्या जागी सुतार असता, गवंडी असता, तर त्याने ही चूक केली नसती. ही चूक करायला शिवणारीच हवी.

दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्या नाहीत. ताप नाही, दुखणं नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. नळाकडे जायचं तर हाक, “अगं, हात दे.” ह्याच घरात, जिथे त्यांना फिरकीसुद्धा सापडायची! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मला कळत होतं, पण बघवेना. नणंदेचा फोन आला तर म्हणाल्या, “ये, घेऊन जा मला.” ह्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि उठून गेले.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“आई, चूक माझी आहे. मी उलटं शिवलं. मला मारा, शिव्या द्या, पण असं बसू नका.”

“तुला कशाला मारू?”

“मग बोला तरी! तुमच्या तोंडून ‘भित्री भागूबाई’ ऐकलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही.”

त्या म्हणाल्या, “मला कळलं होतं गं.”

“काय?”

“वळले तसा तोंडावर वारा लागला. भिंत ऐकू येईना. पायाखाली वाळू लागली. हे स्वयंपाकघर नव्हे, पुढे मोकळं आहे, हे मला कळलं होतं.”

“मग थांबला का नाहीत?” मी ओरडलेच.

“म्हटलं, तू शिवलंयस. तू कुठे चुकतेस? माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून अजून एक पाऊल टाकलं.”

गॅलरीच्या कडेवर तो उचललेला पाय बघितला तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. मी त्यांचे गुडघे धरले आणि हमसून हमसून रडले. त्या माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिल्या, आणि त्याचाच मला राग आला. मी डोळे पुसले.

“ऐका. यापुढे माझं ऐकायचं नाही. ह्यांचं नाही, कुणाचंच नाही. वारा लागला की थांबायचं. मी समोर उभी राहून ‘या, या’ म्हणत असले तरी थांबायचं. कळलं?”

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. “जगातली पहिली सून असशील, सासूला ‘माझं ऐकू नका’ म्हणणारी.”

“थट्टा नको. उठा. नळापर्यंत जा.”

“हात दे.”

माझा हात पुढे जात होता. तो मी मागे घेतला आणि काखेत दाबून धरला. “नाही देणार,” म्हणाले. आवाज कसा कापत होता ते त्यांना ऐकू गेलंच असेल.

“दुष्ट आहेस,” त्या म्हणाल्या. बसून राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं. मग पलंग करकरला आणि त्या उठल्या. भिंतीला हात लावत, पाऊल घासत, कधी नव्हे तशा चालत त्या नळापर्यंत गेल्या. जाताना दोनदा थांबल्या. मी गप्प बसले होते.

नणंदेला आम्ही जरा थांब म्हणून सांगितलं. ठेकेदाराने त्या रविवारीच कठडा बसवला होता. माझ्या तोंडाचा एवढा तरी उपयोग. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही त्याने आपणहून थोपवून धरलं होतं.

पुढच्या वेळी कापड नेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, मी भिंतींनाच विचारते. सकाळी गेलो आणि त्यांनी सगळं घर तळहातांनी चाचपलं. दोन्ही खोल्या, चौकटी, स्वयंपाकघर, ओटा. ओट्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून ठेवले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दारात परत गेल्या, बोट वर केलं आणि पहिल्यापासून चालू लागल्या.

मी गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिले. जाळी छातीपर्यंत होती, मी आल्या आल्या ती गदागदा हलवून बघितली होती, ह्यांनाही हलवायला लावली होती. तरी माझे पाय तिथून हलेनात. दोन्ही हात चौकटीला लावून मी दार अडवलं होतं. सासूबाई बोळ संपेपर्यंत आल्या, थांबल्या, चेहरा इकडे केला, तिकडे केला. आणि गोंधळल्या. डावीकडे भिंतीचा आवाज, उजवीकडेही काहीतरी आडवं. त्या कोड्यात पडल्यासारख्या उजवीकडे वळल्या, हात पुढे केला, आणि बोटं माझ्या खांद्याला लागली.

“कोण? तू?”

“मीच.”

“इथे काय करतेस?”

“उभी आहे.”

“भित्री भागूबाई,” त्या म्हणाल्या, “सरक. मला वारा लागू दे. नाहीतर कसं कळणार, कुठे थांबायचं ते?”

माझे हात चौकटीवरून निघेनात. ह्यांनी बोळातून माझ्याकडे बघितलं, पण बोलले नाहीत, कायदा मोडला नाही. सासूबाई माझ्या खांद्यावर बोटं टेकून वाट बघत होत्या.

मी सरकले. पाऊलभरच, पण सरकले.